हाणामारीचा गुन्हा दाखल झालेल्या बॉक्सरने आधी काय सांभाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ 24 वर्षांचा, बॉक्सर, क्रीडा कोट्यातून रेल्वेत नोकरीला. शनिवारी रात्री अंधेरीत एका हॉटेलबाहेर बाचाबाची झाली, त्याने ठोसे मारले आणि समोरच्या माणसाचे दोन दात पडले. त्याच्या मित्राच्या हातात बाटली होती. एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची कलमं 115(2), 117(2), 352 आणि 3(5) लागली आहेत. भावाचा हात सुजलाय. घरच्यांनी त्याला पनवेलला मामांकडे पाठवलंय. तीन महिन्यांनी परदेशात स्पर्धा आहे, पासपोर्ट सात महिन्यांत संपतोय. एका ब्रँडशी करार आहे. "बॉक्सरचा हात म्हणजे कायद्याने शस्त्रच, आता करिअर संपलं" असं सगळे म्हणतायत. हे खरं आहे का, आणि आता काय करायचं?

करिअर संपलेलं नाही. पण ते कशामुळे संपू शकतं, याबद्दल घरच्यांचा अंदाज चुकतोय. सगळ्यांचं लक्ष शिक्षेकडे लागलंय. असल्या खटल्याचा निकाल लागायला वर्षं जातात आणि खेळाडूची उमेद त्याआधीच खर्ची पडते. मोहम्मद अलीने 28 एप्रिल 1967 ला लष्करभरती नाकारली. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या कमिशनने त्याचा बॉक्सिंगचा परवाना निलंबित केला. जूनमध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, पण अपील चालू असल्याने तो जामिनावर बाहेरच होता. पासपोर्ट मात्र काढून घेतलेला, त्यामुळे परदेशात जाऊनही लढता येईना. ऑक्टोबर 1970 पर्यंत तो रिंगबाहेर होता. जून 1971 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा 8-0 ने रद्द केली. म्हणजे खटला तो जिंकला, पण पंचविशी ते अठ्ठाविशीतली वर्षं गेली ती गेलीच. तुमच्या भावाच्या बाबतीतही खरा धोका पासपोर्ट, नोकरी आणि करार यांना आहे, आणि या तिन्ही गोष्टी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बिघडू किंवा सावरू शकतात.

पहिलं काम म्हणजे त्याला आजच मुंबईत परत आणा. सध्याच्या कलमांत सर्वात जड आहे 117(2), म्हणजे जबर दुखापत. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे. जामीनपात्र म्हणजे जामीन हा त्याचा हक्क आहे, जामीनदार किंवा बंधपत्र दिलं की पोलीस ठाण्यातूनच सुटका होते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात बजावलंय. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहण्याची नोटीस येते. ती घेऊन वेळेवर हजर राहिलं, तर अटक करायला अधिकाऱ्याला कारणं लिहावी लागतात. नोटीस घरी आली आणि मुलगा पनवेलला असेल, तर हे संरक्षण तुम्ही स्वतःच्या हाताने घालवताय. "घरी मिळून आला नाही" एवढी एक ओळ स्टेशन डायरीत गेली की पुढच्या प्रत्येक अर्जात सरकारी वकील तीच ओळ वाचून दाखवतात. पैलवान सुशीलकुमारचं प्रकरण गंभीर होतं, खुनाचं होतं, पण घटनेनंतर गायब राहण्याने त्यात भर पडली. मे 2021 च्या पहिल्या आठवड्यातली घटना, डोक्यावर एक लाखाचं इनाम, 18 मे ला रोहिणी न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, 23 मे ला अटक आणि मागोमाग रेल्वेतून निलंबन.

आता हाताबद्दल. बॉक्सरचे हात शस्त्र म्हणून नोंदवलेले असतात, हा समज भारतात तरी निराधार आहे. अशी कुठलीही नोंद नसते. धोकादायक शस्त्राने इजा करण्याचं कलम 118 लागायला गोळी झाडायचं, भोसकायचं, कापायचं साधन किंवा मरण येऊ शकेल अशा रीतीने शस्त्रासारखी वापरलेली वस्तू लागते. आग, विष, स्फोटकं, प्राणी हेही त्यात येतात. रिकामी मूठ त्यात बसत नाही. माणसाचे दातसुद्धा असं शस्त्र ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये शकील अहमद प्रकरणात धरलं होतं. प्रशिक्षण दुसऱ्या दोन जागी आडवं येतं. एक, पोलिसांना कलम 109 (खुनाचा प्रयत्न) किंवा 110 (सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न) वाढवायचं असेल, तर "आपल्या ठोशाने काय होऊ शकतं हे याला इतरांपेक्षा नक्की ठाऊक होतं" असा युक्तिवाद होतो. दोन, स्वसंरक्षण. कलम 37 सांगतं की बचावापुरती लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. समोरचा अंगावर आला म्हणून मारलेला पहिला ठोसा बचावात बसू शकतो. तो खाली पडल्यावर मारलेली लाथ कुठल्याही बचावात बसत नाही. म्हणून किती फटके, कोणत्या क्रमाने, आणि समोरचा उभा असताना की पडल्यावर, यावर सगळं ठरतं.

रिंगमधला ठोसा गुन्हा का ठरत नाही, असंही लोक विचारतात. त्याचं उत्तर कलम 25 मध्ये आहे. 18 वर्षांवरच्या माणसाने संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा जबर दुखापत करायचा हेतू नसेल, तर खेळात झालेली इजा गुन्हा नाही. कायद्यातलं उदाहरणही तलवारबाजीच्या खेळाचंच आहे, आणि त्यात कपट न करता खेळण्याची अट आहे. "ये बाहेर" म्हणून दोघांनी रस्त्यावर उतरणं या संरक्षणात येत नाही. तिथे उलट सार्वजनिक ठिकाणच्या मारामारीचं कलम 194 लागू शकतं.

शस्त्राची भीती खरी आहे ती मित्राच्या बाटलीची. बाटली अजून फिर्यादीत नाही, पण पुरवणी जबाबात येऊ शकते. ती आली की 118(2) चा विचार सुरू होतो. त्यात किमान एक वर्ष, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही आहे आणि तो अजामीनपात्र आहे. कलम 3(5), म्हणजे समान उद्देश, आधीच लावलेलं असल्यामुळे मित्राची बाटली तुमच्या भावाच्या खात्यावर येऊ शकते. यासाठी दोघांचे वकील वेगळे हवेत. मैत्रीखातर एकच वकील घेतला की "बाटली कुणाची" या एका प्रश्नावर तो वकील दोघांपैकी कुणाचंच काम नीट करू शकत नाही. कलम वाढल्याची कुणकुण लागली, तर त्याच दिवशी दिंडोशीच्या सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार हवा. आजच्या जामीनपात्र कलमांवर तो अर्ज चालत नाही, पण मसुदा लिहून ठेवायला हरकत नाही.

पुरावा सर्वात आधी जातो तो कॅमेऱ्यातला. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, जागा भरली की जुनं चित्रण पुसत पुढे जातो, बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात. आजच तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की हॉटेलचं, शेजारच्या दुकानांचं आणि समोरच्या सोसायटीच्या गेटचं अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जप्त करावं. पोच घ्या. तीच मागणी हॉटेलला आणि सोसायटीला स्पीड पोस्टाने पाठवा. स्वतः मोबाइलवर कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा व्हिडिओ काढलात तर तो माहितीपुरता बरा आहे, पुरावा म्हणून कच्चा. इलेक्ट्रॉनिक नोंदीला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. भावाच्या इन्स्टाग्रामवर नॉकआउटचे रील असतील तर ते आता पुसू नका. ते असणं फारसं बिघडवत नाही, गुन्ह्यानंतर पुसणं संशय वाढवतं. नवीन काही टाकू मात्र नका, घरच्यांनीसुद्धा.

दुसरा पुरावा भावाच्या हातातच आहे. उघड्या मुठीने मारलं की करंगळीच्या मागचं तळहाताचं हाड मोडतं, त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. बोटांच्या सांध्यांवर समोरच्याच्या दाताने चिरलेलं असेल तर ती जखम दिसायला लहान असते, पण सांध्यात जंतू शिरले की हात कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून कूपर किंवा जवळच्या महापालिका रुग्णालयात जाऊन एमएलसी (पोलीस प्रकरणातली वैद्यकीय नोंद) नोंदवून तपासून घ्या, एक्स-रे काढा. त्याच्या अंगावर, डोक्यावर, पाठीवर मार असेल तर तोही लिहून घ्या. समोरच्यांनीही मारलं होतं हे सांगणारा हाच कागद आहे. उशीर झालाय, पण चार दिवसांनी झालेली नोंदही नसलेल्या नोंदीपेक्षा बरी. त्याच्या आधारे उलट तक्रार द्या. साधी दुखापत असेल तर एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवली जाईल, तिचा नंबर घ्या.

फिर्यादीच्या दुखापतीच्या दाखल्याची प्रत आरोपपत्राबरोबर मिळेल. ती हातात आली की आधी "जबर" हा शब्द कशावरून लिहिलाय ते बघा. कलम 116 मध्ये हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं ही जबर दुखापत आहे, त्यामुळे एक दातसुद्धा पुरतो. दाखल्यावर दाताचा क्रमांक आहे का? हिरडीतला खड्डा ताजा, रक्ताळलेला होता की आधीच भरून आलेला? एक्स-रे प्लेटचा नंबर आणि तारीख जुळते का? मत दंतविभागाने दिलंय की अपघात विभागातल्या निवासी डॉक्टरने नुसतं बघून? आधीपासून हलणारा दात आणि धडधाकट दात यात फरक आहे, आणि तो फरक 117(2) वरून साध्या दुखापतीच्या 115(2) वर आणू शकतो. 115(2) ची शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नोकरीचं गणित तासांचं आहे. रेल्वेच्या शिस्त व अपील नियमांनुसार कर्मचारी 48 तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला, तर कोठडीच्या तारखेपासून तो निलंबित मानला जातो. कुणी वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही. राज्य सरकारच्या नोकरांनाही असाच नियम आहे, पोलीस दलातल्या खेळाडूंच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. आजच्या कलमांवर 48 तासांची वेळच यायला नको. पण बाटलीमुळे अजामीनपात्र कलम वाढलं, अटक शुक्रवारी संध्याकाळी झाली, शनिवारी सुट्टीच्या न्यायालयात रिमांड झाला आणि सोमवारपर्यंत कोठडी मिळाली, की 48 तास ओलांडले. म्हणून अटकपूर्व जामिनाचा तो अर्ज शुक्रवारच्या आत हवा. अटक झाली तर कार्यालयाला स्वतःहून लेखी कळवा. लपवणं ही वेगळी गैरवर्तणूक ठरते, आणि फौजदारी खटल्यातून सुटलात तरी तिची चौकशी सुटत नाही.

पासपोर्टवर थोडं जास्त लिहितो, कारण खेळाडूंचं सर्वात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते बरंचसं टाळण्यासारखं असतं. पासपोर्ट कायदा 1967 चं कलम 6(2)(एफ) म्हणतं की फौजदारी न्यायालयात गुन्ह्याची कार्यवाही प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसता एफआयआर म्हणजे न्यायालयातली प्रलंबित कार्यवाही नव्हे. आरोपपत्र दाखल होऊन न्यायालयाने दखल घेतली की ती सुरू होते. परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर 2019 च्या ज्ञापनात हेच स्पष्ट केलंय. म्हणजे आज आणि आरोपपत्र यांच्या मधला काळ तुमच्या कामाचा आहे. बरेच देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. तीन महिन्यांनी प्रवास म्हणजे तेव्हा चारच महिने उरणार. नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात करा. फॉर्ममधला प्रश्न शब्दशः वाचा आणि जे विचारलंय त्याचंच खरं उत्तर द्या. माहिती लपवणं हा कलम 12 खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. पोलीस पडताळणीत गुन्ह्याचा उल्लेख येणारच. बीकेसीच्या पासपोर्ट कार्यालयाकडून खुलासा मागणारं पत्र आलं तर घाबरू नका. एफआयआरची प्रत, अजून आरोपपत्र नसल्याचं निवेदन आणि त्या ज्ञापनाचा हवाला देऊन मुदतीत उत्तर द्या.

त्याआधी आरोपपत्र आलंच, तर रस्ता बंद होत नाही, लांबतो. 25 ऑगस्ट 1993 च्या जीएसआर 570(ई) या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाची परवानगी आणली की पासपोर्ट मिळतो. किती मुदतीचा, हे त्या आदेशावर ठरतं. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर एकच वर्षाचा मिळतो. म्हणून अर्जाच्या मागणीत "दहा वर्षांसाठी नूतनीकरणास परवानगी" हे शब्द घाला आणि आदेशात ते उतरलेत का ते त्याच दिवशी रोजनाम्यात बघा. या एका ओळीअभावी दरवर्षी नवा अर्ज, नवी तारीख, नवी प्रत असं चक्र मागे लागतं. आणि पोलिसांनी "पासपोर्ट आणून द्या" म्हटलं तर जप्तीचा पंचनामा किंवा लेखी पोच मागा. पोलीस पासपोर्ट जप्त करू शकतात, पण अडकवून ठेवायचा अधिकार पासपोर्ट प्राधिकाऱ्यालाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सुरेश नंदा प्रकरणात हे सांगितलंय.

जामिनाच्या अटी लिहिल्या जात असतानाच खेळाचा विषय काढायला हवा. "बृहन्मुंबईची हद्द सोडू नये" आणि "दर सोमवारी 10 ते 1 हजेरी" या अटी नेहमीच्या साच्यातल्या असतात. राष्ट्रीय शिबिर पतियाळाला किंवा रोहतकला असेल तर तो आदेश पाळून सराव होणारच नाही. शिबिराचं पत्र पहिल्याच सुनावणीला जोडा. परदेशप्रवासाच्या अर्जाला महासंघाचं निवडपत्र, स्पर्धेचं वेळापत्रक, जाण्यायेण्याचं तिकीट, राहण्याचा पत्ता, रेल्वेची परवानगी आणि परत आल्यावर अमुक दिवसांत पासपोर्ट दाखवण्याची हमी लागते. प्रवासाआधी किमान पाच-सहा आठवडे अर्ज टाका. सरकारी पक्षाचं म्हणणं यायलाच दोन तारखा जातात.

व्हिसाच्या फॉर्ममध्ये देशागणिक प्रश्न वेगळे असतात. अमेरिकेच्या डीएस-160 मध्ये शिक्षा झाली का एवढंच विचारत नाहीत, कधी अटक झाली होती का हेही विचारतात. म्हणून 35(3) च्या नोटिशीवर हजर राहून अटक टळणं हे उद्याच्या व्हिसासाठीही मोलाचं आहे. एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) लढवय्या कॉनर मॅकग्रेगरने एप्रिल 2018 मध्ये ब्रुकलिनमध्ये खेळाडूंच्या बसवर ट्रॉली फेकली. गंभीर आरोप असूनही जुलैमध्ये त्याने फक्त बेशिस्त वर्तनाची कबुली दिली, पाच दिवस समाजसेवा पत्करली. गुन्हेगारी नोंद राहिली नाही, आणि त्याला अमेरिकेत पुन्हा लढता आलं.

तडजोड हा इथे सर्वात व्यवहार्य मार्ग आहे, असं मला वाटतं. दोन वाटा आहेत. 117(2) हा न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 359) आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो. दुसरी वाट उच्च न्यायालयात कलम 528 खाली गुन्हाच रद्द करून घेण्याची. खेळाडूसाठी दुसरी चांगली, तीही आरोपपत्राआधी, कारण मग न्यायालयात प्रलंबित काहीच उरत नाही. फिर्यादीला त्याचा स्वतःचा वकील हवा, प्रतिज्ञापत्र त्याने समजून-उमजून द्यायला हवं. उपचाराचा खर्च आणि भरपाई डिमांड ड्राफ्टने, न्यायालयासमोर. त्याचे दात गेलेत, त्याला ते पुन्हा बसवायला खर्च आहे. तो पूर्ण आणि मनापासून द्या. करारनाम्यात दिवाणी दावा करणार नाही हेही लिहून घ्या. फौजदारी कारवाई नसली तरी दिवाणी दावा स्वतंत्र चालतो. मॅकग्रेगरवर एका जुन्या आरोपात फौजदारी खटला झाला नव्हता, तरी नोव्हेंबर 2024 मध्ये डब्लिनच्या दिवाणी ज्युरीने सुमारे अडीच लाख युरोंची भरपाई ठोठावली.

एक गोष्ट कृपा करून टाळा. भावाने, तुम्ही किंवा तालमीतल्या मुलांनी फिर्यादीला फोन करू नका, त्याच्या घरी जाऊ नका. "माफी मागायला गेलो होतो" हे चार धिप्पाड मुलांनी सांगितलं तर कागदावर त्याची धमकी होते. सुशीलकुमारला मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 2025 ला रद्द केला, त्यात साक्षीदारांवरच्या दबावाचा मुद्दा होता. नामांकित खेळाडूचं नाव इथे त्याच्याविरुद्ध जातं.

ब्रँडच्या करारात एकच कलम शोधा, प्रतिमेला धक्का पोहोचल्यास करार संपवण्याचं. ते "आरोप झाल्यास" म्हणतं, "आरोपपत्र दाखल झाल्यास" म्हणतं की "दोषी ठरल्यास"? पहिला शब्द असेल तर ते उद्याच पत्र पाठवू शकतात. एमएमए लढवय्या जॉन जोन्सची विजेतेपदाची पदवी यूएफसी या लढती भरवणाऱ्या कंपनीने एप्रिल 2015 मध्ये अपघात करून पळाल्याच्या प्रकरणात काढून घेतली, तेव्हा त्याने गुन्हा कबूल करायला पाच महिने अवकाश होता. कळवण्याची मुदत करारात असेल तर तिच्या आत दोन ओळींचं तटस्थ पत्र द्या: गुन्हा नोंद झालाय, तपासाला सहकार्य करतोय. घटनेचं वर्णन नको. घाईघाईत पुढे केलेल्या कुठल्याही सुधारित करारावर सही करू नका. करार संपल्यावरही "दुसऱ्या कुणाकडे जायचं तर आधी आम्हाला विचारा" असं बंधन असेल, तर ते कंत्राट कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचं व्यवस्थापन पाहणारी पर्सेप्ट कंपनी यांच्या वादात हेच ठरवलं.

शेवटी डोपिंग, कारण गडबडीत हे विसरलं जातं. सुजलेल्या हातात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. जानेवारी 2022 पासून ग्लुकोकॉर्टिकॉइडचं कुठलंही इंजेक्शन स्पर्धाकाळात बंदीत येतं, आणि अंश शरीरात बरेच दिवस राहतात. डॉक्टरांना आधीच सांगा की हा नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) चाचणीत येणारा खेळाडू आहे. वजन उतरवायला लघवीची गोळी तर कधीच नाही. कांदिवलीच्या साई केंद्रात घडलेल्या, डोप चाचणीत सापडलेल्या पैलवान नरसिंग यादवला नाडाच्या समितीने 1 ऑगस्ट 2016 ला घातपात मान्य करून सोडलं होतं. 18 ऑगस्टला, रिओ ऑलिम्पिकमधल्या त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली, कारण घातपाताचा ठोस पुरावा समोर नव्हता. भाऊ नोंदणीकृत चाचणी गटात असेल तर रोजचा ठावठिकाणा द्यावा लागतो, आणि 12 महिन्यांत तीन चुका म्हणजे दोन वर्षांपर्यंत बंदी. अटक टाळायला म्हणून घर सोडलेला खेळाडू इथेच सापडतो. गेले चार दिवस तो पनवेलला आहे आणि नोंदीत पत्ता घरचाच असेल, तर आज रात्री तो कुठे झोपणार आहे ते आधी अ‍ॅडम्समध्ये, म्हणजे ठावठिकाणा नोंदवायच्या ऑनलाइन प्रणालीत, बदला.